बस्ता, लक्ष्मी रोड आणि मेथीच्या दोन जुड्या

शनिवार, रात्री साडेअकरा. पाय नुसते ठणकतायत.

ताईच्या लग्नाचा बस्ता आज निम्मा झाला. निम्माच, कारण मावशीला नऊवारी दुसऱ्या दुकानात बघायचीय. वनाजवरून मेट्रो, सिव्हिल कोर्टला बदलली आणि मंडईला उतरलो. 2024 च्या सप्टेंबरात ते स्टेशन सुरू झालं तेव्हापासून आई लक्ष्मी रोड म्हटलं की लगेच तयार, त्याआधी पार्किंगचा विषय निघाला की बाबा पेपरमागे गायब व्हायचे.

मागच्या रविवारी कोरेगाव पार्कात गेलेलो, ताईची एक मैत्रीण फार मागे लागली म्हणून, एका डिझायनर बुटीकमध्ये. आत गारेगार एसी, चंदनासारखा कसलातरी वास, एवढ्या मोठ्या हॉलमध्ये मोजून अकरा लेहेंगे आणि एकावरही किंमत नाही. आई दारातच थबकली, चप्पल काढायची की नाही कळेना तिला. तिथल्या मुलीने हिंदीत विचारलं, अपॉइंटमेंट आहे का मॅम, आणि आईचा आवाज एकदम खाली आला, जो घरात कधीच येत नाही. मुलगी बिचारी चांगलीच होती, आणि एका लेहेंग्यावरचं जरदोसीचं काम खरंच डोळ्यात भरण्यासारखं होतं, पण किंमत विचारायचं कुणालाच धाडस होईना. दहा मिनिटांत बाहेर. रिक्षात बसल्यावर आईचा आवाज परत आला.

आज तीच आई, जिन्याशी चपला काढून वर, पांढऱ्या गादीवर मांडी ठोकून, "येवल्याची पैठणी दाखवा हो, सेमी नको". झालं, दुकानातले काका एकेक घडी उलगडायला लागले. बांगडी मोर, असावली, मुनिया, एकेक नक्षी. आई प्रत्येक पदर आधी उलटा करून बघणार, कारण हाताने विणलेला असेल तर मागची बाजूही पुढच्यासारखीच साफ असते, सुटे धागे दिसले की समजायचं मशीनचं काम. "काकू, तुम्हाला आम्ही काय सांगणार," काका म्हणाले आणि पुढची घडी उघडली. मावशीने 70 हजारांच्या पैठणीला तोंडावर "हा जांभळा मळकट वाटतोय" म्हटलं आणि कुणाला काही वाटलं नाही. मग काकांनी, चांगले मिशीवाले, पन्नाशीचे, चौकड्याच्या शर्टावर तोच पदर खांद्यावरून सोडला आणि आरशाकडे वळून उभे राहिले. ताई हसून हसून लोळली. पण खरं सांगू, त्यांना शोभत होता.

मी खिडकीतून खाली बघत बसले. पन्नास रुपयांत क्लिपांचं पाकीट विकणारी बाई बरोबर आमच्या खाली बसलेली, म्हणजे क्लिपा आणि पैठणी यांच्यात फक्त एक स्लॅब. क्वार्टर गेटपासून अलका चौकापर्यंत हा रस्ता असाच, सोन्या मारुती चौकात काचेआड तोळ्यांचे हार आणि काचेला टेकून कुणीतरी भेळ खातंय. विसर्जनाला मानाचे पाचही गणपती इथूनच जातात, त्या रात्री आम्ही याच दुकानांच्या शटरला टेकून पेंगलोय, त्यामुळे शोरूमचा दरारा वगैरे वाटतच नाही. दर 11 डिसेंबरला पादचारी दिन म्हणून इथे काही पट्ट्यात गाड्या बंद ठेवतात, तेव्हा मान वर करून चालले होते आणि पाट्यांच्या वर जुन्या लाकडी गॅलऱ्या आहेत हे मला पहिल्यांदाच दिसलं. एरवी मान वर केली तर स्कूटर पायावरून जाते. उगाच गोडवे गात नाहीये, आजही एकाने कोपर मारलं आणि वर मलाच "बघून चाला" म्हणाला.

शेवटी बांगडी मोरच घेतली, वाईन कलर, 62 हजार. फिक्स रेट. आईने तरी दोन हजार कमी करा म्हणून बघितलंच, काकांनी हसून चहा मागवला. फॉल-बिडिंग दहा दिवसांनी करू म्हणे, आधी आजीला दाखवायचीय.

परत मेट्रोला जाताना मंडईत मेथी स्वस्त दिसली. दोन जुड्या. आईने पैठणीचा बॉक्स कापडी पिशवीत तळाशी ठेवला, वर मेथी पसरली आणि म्हणाली, आता कोण बघतंय. सिव्हिल कोर्टला जिने चढताना पिशवी माझ्याकडे होती, मातीचा वास येत होता सगळा.

घरी आल्यावर बॉक्स आधी कुणी उघडायचा यावरून भांडण. मेथी अजून ओट्यावर तशीच पडलीय, निवडायची कुणी.