मादी आहे का? मग नको

मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघते. मार्च संपत आला होता. डबा खाऊन हात धुवायला बाहेर आले, तर गेटजवळच्या टेम्पोखाली एक काळी कुत्री आडवी पडलेली. कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिड, कणसाला दाणे लागावेत तसे दाटीनं. भाकरी टाकली तर वास घेऊन मान फिरवली. देशी कुत्रं भाकरी सोडतंय म्हणजे जास्तच आजारी आहे, एवढं मला कळत होतं.

रिक्षावाला खाली पोतं अंथरायच्या अटीवर तयार झाला. डॉक्टरांनी रक्त तपासलं. प्लेटलेट 41 हजार, आणि त्या दोन लाखांच्या आसपास तरी हव्यात. गोचिडताप. डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या 28 दिवस, दोन दिवसांत बरं वाटलं तरी बंद करायच्या नाहीत, उपाशीपोटी द्यायच्या नाहीत, दुधातूनही नाहीत. पहिल्या दिवशी मी घाईत नुसती गोळी घशात ढकलली, तिनं ती माझ्याच चपलेवर उलटून टाकली. मग उकडलेल्या अंड्यात लपवून द्यायला लागले. पाचव्या दिवशी ती अंड्याची वाट बघायला लागली.

आम्ही भाड्यानं राहतो, वरच्या मजल्यावर. मालककाका म्हणाले, "बरी होईपर्यंत राहू दे, पण कायमचं नाही." त्यांचंही चूक नव्हतं. आमच्याकडं नळाला चार दिवसांआड पाणी. त्यात मी औषधाच्या पाण्यानं कुत्रं धुतेय म्हटल्यावर कोणाचंही डोकं फिरेल. एप्रिलमध्ये पारा 42 च्या वर गेला तेव्हा ती आमच्या मोरीत, ओल्या फरशीला पोट चिकटवून दिवस काढायची. नाव वेगळं ठेवलंच नाही. काळी म्हणून हाक मारायला लागलो, तेच पडलं.

पालिकेकडून नसबंदी करून घ्या, असं पुष्कळांनी सुचवलं. पण 2023 च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि रेबीजची लस झाली की कुत्रं जिथून उचललं तिथंच परत सोडायचं असतं. काळीची जागा म्हणजे दिवसभर मालट्रक वळणारं ते गेट. म्हणून मेमध्ये खासगीत ऑपरेशन केलं, दहा दिवस टाके जपले, रेबीजची लस टोचून घेतली आणि कार्ड केलं. पैशाचा आकडा नवऱ्याला अजून पूर्ण सांगितलेला नाही.

मग घर शोधायला लागले. पहिले फोटो टाकले त्यात नुसता काळा गोळा आणि दोन डोळे दिसत होते. काळ्या कुत्र्याचा फोटो सकाळी सातच्या उन्हात, पाठीमागं फिकट काहीतरी धरून काढायचा, हे नंतर समजलं. कारखान्यातला डागी पांढरा टॉवेल तारेवर टाकला, तिला पुढं बसवलं, आणि पहिल्यांदा तिचं तोंड दिसलं.

फोन यायला लागले. पहिला प्रश्न, "कुठल्या जातीची?" दुसरा, "मादी आहे का? मग नको." ऑपरेशन झालंय, पिल्लं होणार नाहीत, असं सांगितलं तरी, "नको ताई, नर असला तर सांगा." तिसऱ्या तऱ्हेचे फोन शेतावरून. मोहोळकडच्या एकानं विचारलं, "रात्री भुंकती का? साखळी आमच्याकडं हाय." मी नाही म्हणाले. घर मिळत नाही म्हणून रडत होते आणि येतील त्यांना नाहीही म्हणत होते. आमच्या आईंना, म्हणजे सासूबाईंना, याचं फार हसू यायचं.

शेवटी जुळे सोलापुरातला एक बंगला मिळाला. स्वतःचं घर, भिंतीचं कंपाउंड, गाडी, दवाखाना जवळ. माझ्या वहीतल्या सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण. चौथ्या दिवशी फोन आला, "रात्रभर रडती, घेऊन जा." गेले तर पार्किंगमध्ये गाडीमागं दोन हात साखळीला बांधलेली, पाण्याचं भांडं पोचणार नाही इतकं लांब. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

आमच्या शिलाई खात्यातल्या एका बाईनं हे ऐकलं. "मॅडम, आमच्या सासूला बघू द्या की." सासू विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत राहते, दिवसभर घरी विड्या वळते. खरं सांगते, मला नको वाटलं. दोन खोल्या, कंपाउंड नाही, आणि तंबाखू. निकोटिन कुत्र्याच्या पोटात गेलं तर जिवावर बेततं.

तरी काळीला घेऊन गेले. सासू, म्हणजे तिकडची अव्वा, दारातच बसलेली, मांडीवर सूप, शेजारी ओल्या फडक्यात पानं. हात थांबले नाहीत. पत्रा ठेवून पान कापायचं, चिमूट घालायची, वळायचं, दोरा मारायचा. माझी प्रश्नांची वही उघडायच्या आधी तिनंच सुरुवात केली. "काय खाती? रात्री कुठं झोपती? एवढी चांगली हाय तर तुम्ही का देताव?" शेवटच्या प्रश्नाला मला नीट उत्तर देता आलं नाही. तंबाखूचं सांगितलं, तर म्हणाली, "चार पोरं वाढवलं की ह्याच तंबाखूत. डबा वर, सूप मांडीवर, खाली सांडलं की लगेच झाडायचं." काळी तोवर उंबऱ्याबाहेर सावलीत पसरली होती.

आठ दिवस बघू, असं ठरलं. साध्या कागदावर एवढंच लिहून घेतलं की जमलं नाही तर कुत्री मलाच परत द्यायची, दुसऱ्या कोणाला नाही. अव्वानं अंगठा न लावता तेलुगूत सही केली. पहिले तीन दिवस काळीनं धड खाल्लं नाही, पलंगाखालून बाहेर आली नाही. सून रोज कारखान्यात येऊन बातमी द्यायची. दहाव्या दिवशी म्हणाली, "आता सासूच्या मागं मागं संडासापर्यंत जाती."

जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या आधी एकदा जाऊन आले. तिकडं तिचं नाव मल्ली झालंय. मी "काळी" म्हटलं तर शेपटी हलली, अव्वानं तेलुगूत "रा रा", म्हणजे ये ये, म्हटल्यावर मात्र अख्खी कुत्री उठून गेली. अव्वानं फळीवरून प्लास्टिकची पिशवी काढली. विडीचं कार्ड, रेशनचं कार्ड, आणि त्यांच्या मधे घडी न पडलेलं लसीचं कार्ड. "हे इंग्रजीत लिहिलंय," म्हणाली, "पुढची सुई कधी, तेवढं वाचून सांगा."