ब्रिटनच्या मनात काय चाललंय, हे पोलमध्ये कुठे वाचायचं

२०२४ च्या जुलैअखेरीला इंग्लंडमधल्या साउथपोर्ट गावात नाचाच्या वर्गात तीन चिमुकल्या मुलींची हत्या झाली. मारेकरी बोटीतून आलेला निर्वासित आहे अशी खोटी अफवा पसरली आणि आठवडाभर इंग्लंडमधल्या बऱ्याच शहरांत दंगली झाल्या. त्या दिवसांत नाशिकहून मावशीचा रोज फोन यायचा. "घराबाहेर पडू नकोस बाई, तिकडे सगळे आपल्या लोकांवर उठलेत म्हणे." तिच्या टीव्हीवर निर्वासितांना ठेवलेलं जळणारं हॉटेल दिवसभर फिरवून फिरवून दाखवत होते. मलाही भीती वाटत होती, नाही असं नाही. पण "सगळे" या शब्दापाशी मी अडले, कारण त्याच आठवड्यात युगव्ह या संस्थेची पाहणी आली होती. ८५ टक्के लोकांचा त्या हिंसाचाराला विरोध होता आणि पाठिंबा देणारे जेमतेम ७ टक्के होते. त्याच पाहणीत आणखीही एक गोष्ट होती. शांतपणे निदर्शनं करणाऱ्यांबद्दल मात्र निम्म्याहून अधिक लोकांना सहानुभूती वाटत होती.

या दोन आकड्यांतून दिसणारा देश मावशीच्या टीव्हीवरच्या देशाहून वेगळा आहे, आणि इथले पुढारी सांगतात त्याहूनही वेगळा आहे. तेव्हापासून मी इथल्या जनमत चाचण्या मन लावून वाचते. "कोण जिंकणार" हा त्यांतला सर्वांत कमी कामाचा प्रश्न आहे, असं माझं मत झालं आहे. ब्रिटिश माणूस समजून घ्यायचा असेल तर बाकीचे प्रश्न वाचावेत.

तरी आधी जिंकण्या-हरण्याचं बोलून घेऊ, कारण घरून विचारणा त्याचीच होते. शितावरून भाताची परीक्षा करायची तर शीत पातेल्यातून नीट ढवळून उचलावं लागतं, आणि इथल्या संस्थांचा हात नेमका तिथेच चुकत आला आहे. १९९२ मध्ये त्यांनी मजूर पक्षाला बरोबरीत किंवा किंचित पुढे धरलं होतं. प्रत्यक्षात हुजूर पक्ष साडेसात टक्क्यांनी पुढे राहिला. २०१५ मध्ये पुन्हा तेच झालं. आदल्या दिवसापर्यंत दोन्ही पक्ष तोडीस तोड दिसत होते आणि निकालात हुजूर पक्षाला स्पष्ट बहुमत मिळालं. मग प्राध्यापक पॅट्रिक स्टर्जिस यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. लोक खोटं बोलले का, शेवटच्या क्षणी मन बदललं का, हे सगळं तपासून समितीने निष्कर्ष काढला की मुळात विचारलेली माणसंच चुकीची होती. राजकारणात रस नसलेला माणूस अशा पाहण्यांच्या वाटेला जात नाही. त्यामुळे नमुन्यातली तरुण मंडळी खऱ्या तरुणांपेक्षा जास्त राजकीय आणि जास्त मजूरवादी निघाली. ही चौकशी उघडपणे झाली आणि अहवाल कुणालाही वाचायला मिळाला, याचं मला फार अप्रूप वाटतं. ब्रिटिश पोलिंग कौन्सिल नावाची एक संघटनाही आहे. तिच्या सदस्य संस्थांना आकडे जाहीर झाल्यावर दोन कामकाजी दिवसांत प्रश्नांचे नेमके शब्द आणि पूर्ण तक्ते प्रसिद्ध करावे लागतात. आपल्याकडे असा दंडक असता तर किती बरं झालं असतं!

एक्झिट पोलची गोष्ट मात्र निराळी आहे. बीबीसी, आयटीव्ही आणि स्काय मिळून एकच पोल करतात. स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाचे सर जॉन कर्टिस हे त्यामागचं मुख्य नाव. सुमारे १३० मतदान केंद्रांबाहेर वीसेक हजार मतदारांना खोटी मतपत्रिका देतात. त्यांनी आत जसं मत दिलं तशीच खूण करून ती पेटीत टाकायची. तोंडाने काही सांगावं लागत नाही. केंद्रं शक्यतो गेल्या वेळचीच असतात, म्हणजे फरक मोजता येतो. रात्री दहाला मतदान संपतं आणि बीग बेनचे ठोके पडताच आकडा जाहीर होतो. ४ जुलै २०२४ ला त्यांनी मजूर पक्षाला ४१० जागा सांगितल्या, मिळाल्या ४११. बरोबर महिनाभर आधी आपल्याकडे ४ जूनचा निकाल लागला होता. वाहिन्यांनी रालोआला साडेतीनशेच्या पुढे नेलं होतं आणि प्रत्यक्षात २९३ झाल्या, हे ताजं असल्यामुळे माझ्या इथल्या मराठी मैत्रिणींचा त्या आकड्यावर विश्वासच बसेना.

पण त्या ४११ जागांमागे मतं होती अवघी ३३.७ टक्के. स्थलांतराला कडाडून विरोध करणाऱ्या रिफॉर्म पक्षाला १४.३ टक्के मतं आणि ५ जागा. मध्यममार्गी लिबरल डेमोक्रॅट्सना त्याहून कमी, १२.२ टक्के मतं, आणि ७२ जागा. मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मतं त्याची जागा, ही पद्धत आपणही चालवतो, त्यामुळे हे गणित मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. "ब्रिटनने डावीकडे कौल दिला" असं तेव्हा जे लिहिलं गेलं ते मतांच्या आकड्यांत शोधून सापडत नाही, एवढंच नोंदवते.

आता स्थलांतराकडे वळते, कारण तो प्रश्न माझ्याबद्दलच विचारला जातो.

"या देशात येणाऱ्यांची संख्या जास्त आहे का?" असं सरसकट विचारलं की बहुसंख्य लोक "हो" म्हणतात. २०१६ च्या ब्रेक्झिट मतदानानंतर (युरोपीय संघातून बाहेर पडायचं का, यावरच्या) काही वर्षं हे मत मवाळ झालं होतं. २०२२ नंतर ते पुन्हा कडक होत गेलं, आणि त्याला कारणही आहे: २०२३ मध्ये निव्वळ स्थलांतर (आलेल्यांतून गेलेले वजा करून) वर्षाला ९ लाखांच्या पुढे गेलं होतं. ही वस्तुस्थिती आहे, लोकांचा भ्रम नव्हे. पण पाहणी इथे न थांबता पुढे गेली की चित्र बदलतं. डॉक्टर कमी करायचे का? परिचारिका? वृद्धांची काळजी घेणारे? शेतात फळं तोडायला येणारे हंगामी मजूर? प्रत्येक कामाचं नाव घेऊन विचारलं की "आहेत तेवढे राहू द्या" किंवा "वाढवा" म्हणणारेच जास्त निघतात. "देशापुढचा मोठा प्रश्न कोणता?" याला स्थलांतर हे उत्तर देणाऱ्या माणसांना "तुमच्या भागातला मोठा प्रश्न कोणता?" असं विचारलं तर तोच टक्का बराच खाली येतो. देशाबद्दलचं मत बातम्यांवरून बनतं आणि गल्लीबद्दलचं शेजाऱ्यांवरून.

बातम्यांचा परिणाम किती असतो, हे २०१४ च्या एका पाहणीत दिसलं होतं. लोकसंख्येत मुस्लिम किती, या प्रश्नाला इप्सॉस या पाहणी संस्थेला सरासरी २१ टक्के असं उत्तर मिळालं. खरा आकडा होता ५. परदेशात जन्मलेले किती? अंदाज २४, प्रत्यक्षात १३. बेकारी किती? अंदाज पुन्हा २४, प्रत्यक्षात ७. शेवटच्या आकड्याचा स्थलांतरितांशी काही संबंध नाही, म्हणून तो मला महत्त्वाचा वाटतो. ज्याची चिंता वाटते ते माणसाला मोठं दिसतं. माझ्या मते इथल्या बऱ्याच लोकांच्या मताकडे द्वेष म्हणून नव्हे, तर काळजी म्हणून पाहायला हवं. मावशीला हे पटवायला मला दोन-तीन फोन लागले, पण पटलं.

याच्या नेमकं उलट टोकाला आरोग्यसेवा आहे. ब्रिटिश सोशल अॅटिट्यूड्स या पाहणीत एनएचएसबद्दल, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेबद्दल, समाधानी असणारे २०१० मध्ये ७० टक्के होते. २०२४ मध्ये २१. चाळीस वर्षांतला हा नीचांक. भारतात बसून हा आकडा वाचला तर वाटेल, लोक आता खासगी विम्याकडे वळणार. तसं घडलेलं नाही. त्याच पाहणीत "उपचार गरजेच्या वेळी मोफतच मिळाले पाहिजेत" याला दहांतले नऊ जण होकार देतात, आणि त्यात सगळ्या पक्षांचे मतदार आहेत. रेल्वेचंही तसंच आहे. ती सरकारच्या ताब्यात असावी असं म्हणणाऱ्यांत मजूर पक्षवाले असतील हे उघड आहे, पण हुजूर पक्षाला मत देणारेही मोठ्या संख्येने तेच म्हणतात. सरकारी उद्योग विकून टाकणाऱ्या थॅचरबाईंच्या देशात! ब्रिटिश मतदाराला डावा किंवा उजवा म्हणून एका खणात टाकणं मी तेव्हापासून सोडून दिलं. पैशाच्या बाबतीत तो सरकारकडे आशेने बघतो, शिस्त आणि शिक्षेच्या बाबतीत कडक असतो, आणि यात काही विसंगती आहे असं त्याला वाटतही नाही.

शिक्षेवरून फाशी आठवली. खुनाबद्दलची फाशी इथे १९६५ मध्ये थांबवली गेली आणि १९६९ मध्ये कायमची गेली. लोक मात्र फाशीच्या बाजूनेच होते. १९८३ पासून जवळपास दरवर्षी होणाऱ्या त्याच ब्रिटिश सोशल अॅटिट्यूड्स पाहणीत १९८६ मध्येही चौघांतले तिघे तिच्या बाजूने होते. ते प्रमाण पहिल्यांदा निम्म्याखाली, ४८ टक्क्यांवर आलं, तेव्हा २०१४ उजाडलं होतं. म्हणजे संसद लोकमताच्या जवळजवळ अर्धशतक पुढे चालली आणि त्यासाठी कुणी तिला पाडलं नाही. समलिंगी संबंधांबद्दलचं मत मात्र जास्त वेगाने बदललं. "हे नेहमीच चूक" म्हणणारे १९८३ मध्ये ५० टक्के होते. एड्सच्या भीतीत १९८७ ला ते ६४ झाले आणि २०२२ पर्यंत ९ वर आले. माझ्या ऑफिसातले साठीचे सहकारी याच काळात मोठे झाले. आज ते आपल्या मुलाच्या नवऱ्याबद्दल कौतुकाने बोलतात तेव्हा मला हे तीन आकडे आठवतात.

पण मला सर्वांत हलवून गेलेली पाहणी इराकची आहे. २००३ मध्ये युद्ध सुरू असताना युगव्हने वारंवार विचारलं होतं: ही कारवाई योग्य आहे का? सरासरी ५४ टक्क्यांनी "योग्य" म्हटलं. बारा वर्षांनी, २०१५ मध्ये, लोकांना विचारलं: तेव्हा तुमचं मत काय होतं? आपण पाठिंबा दिला होता असं ३७ टक्क्यांनाच आठवलं. मला वाटत नाही ही माणसं खोटं बोलत होती. युद्ध अंगाशी आलं, सामूहिक संहाराची शस्त्रं सापडलीच नाहीत, आणि "मला तेव्हाच शंका होती" ही आठवण हळूहळू खरी होऊन बसली. त्या वेळी कुणी विचारून लिहून ठेवलं नसतं, तर हा देश आज शपथेवर सांगू शकला असता की आम्ही ते युद्ध मागितलंच नव्हतं. ब्रेक्झिटचंही पुढे असंच होईल असं मला वाटतं. २०१६ मध्ये ५१.९ टक्के बाहेर पडण्याच्या बाजूने होते; २०२५ च्या सुरुवातीला "तो निर्णय योग्य होता" म्हणणारे सुमारे ३० टक्के उरले आणि "चूक होती" म्हणणारे ५५ टक्के झाले. मतदारयादीत नवी तरुण पिढी आली हे त्याचं एक कारण, पण एकमेव नाही.

आपली माणसं या पाहण्यांत कुठे असतात? २०२१ च्या जनगणनेनुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये भारतीय वंशाचे ३.१ टक्के आहेत. दोन हजार लोकांच्या नेहमीच्या चाचणीत ते साठेक भरतात, आणि त्यांत मराठी एखादा असला तर असला. साठ जणांवरून "ब्रिटिश भारतीयांचा कल" सांगणारी बातमी दिसली की मी ती बाजूला ठेवते. आमच्यात किती वेगळं चाललंय हे निकालांतच दिसलं. हुजूर पक्षाचा सगळीकडे धुव्वा उडाला त्या २०२४ मध्ये लेस्टर ईस्ट ही जागा त्यांनी मजूर पक्षाकडून घेतली, आणि देशभरात त्यांनी नव्याने जिंकलेली जागा ती एकच. हॅरो ईस्टमध्ये त्यांच्या उमेदवाराला निम्म्याहून अधिक मतं पडली. निम्म्याहून अधिक मतं मिळालेली त्यांची ती एकच जागा. दोन्हीकडे भारतीय वंशाची वस्ती मोठी आहे. देशपातळीवरच्या नेहमीच्या चाचणीत हे आधी ठळक दिसणं कठीणच.

म्हणून एक कामाची गोष्ट. तुमच्या घरातलं कुणी इथे शिकायला किंवा नोकरीला असेल तर त्यांना हे जरूर सांगा, कारण बऱ्याच जणांना ते ठाऊकच नसतं. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक म्हणून, विद्यार्थी व्हिसावर असलेल्या भारतीयालाही इथे संसदेसाठी मत देता येतं. मतदारयादीत नाव नोंदवायचा अर्ज सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येतो. इंग्लंडमध्ये केंद्रावर ओळखपत्र लागतं आणि त्यासाठी भारतीय पासपोर्ट चालतो. पुढची सार्वत्रिक निवडणूक २०२९ च्या ऑगस्टपर्यंत कधीही होऊ शकते. स्थानिक निवडणुका त्याआधी, बहुतेक भागांत मे महिन्यात असतात. आणि मतांची पाहणी करणारं पत्र दारात आलं तर तेही फेकू नका म्हणावं, भरून पाठवा.