फ्रोमचा हंडा: नाणी वरून मोजली, उत्तर तळाशी सापडलं

इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात, फ्रोम गावाजवळच्या शेतात एप्रिल 2010 मध्ये मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या एका हौशी माणसाला रोमन नाण्यांनी भरलेलं मडकं लागलं. उंची सुमारे 60 सेंटिमीटर, रुंदी 45. आत 52,503 नाणी, वजन 160 किलोच्या घरात. नाणी दिसताच त्याने खणणं थांबवलं, खड्डा बुजवला आणि पुरातत्त्व खात्याच्या माणसांना कळवलं. हे त्याने केलं नसतं, तर पुढचं काहीच कळलं नसतं.

मडकं तडकलेलं होतं, म्हणून ते अख्खं न उचलता पुरातत्त्वज्ञांनी तीन दिवस बसून नाणी थराथराने काढली आणि प्रत्येक थराच्या पिशव्या वेगळ्या ठेवल्या. मोजणीत गंमत उघड झाली. ब्रिटन बळकावून बसलेल्या करॉसियस या रोमन सेनानीची (इ.स. 286 ते 293) नाणी, म्हणजे हंड्यातली सर्वांत नवी, बहुतेक खालच्या निम्म्या भागात होती. वर्षानुवर्षांची साठवण असती तर ती वर असती. म्हणजे हंडा एकदाच भरला. मडक्याचं खापरही इतकं पातळ, की भरून उचललं असतं तर फुटलंच असतं. आधी मडकं पुरलं, मग नाणी ओतली. परत काढायची तर ते फोडावं लागणार! म्हणूनच हा देवाला वाहिलेला नवस असावा, असं ब्रिटिश म्युझियमच्या नाणेतज्ज्ञांनी सुचवलं. मला ते पटतं, पण वाद मिटलेला नाही.

नाणी ओली, चिखलाने चिकटलेली होती. तशीच ठेवली तर गंज वाढतो, म्हणून आधी धुऊन वाळवली. तांब्याची भांडी घासतो तशी चिंच-लिंबू लावून जुनी नाणी कधीही घासू नका. अशा नाण्यांच्या तांब्यात नावापुरतीच चांदी असते, आम्लाने वरचा पापुद्रा जातो आणि त्यासोबत अक्षरंही.

इंग्लंडमध्ये 1996 च्या ट्रेझर (गुप्तधन) कायद्यानुसार असा शोध 14 दिवसांत कॉरोनरला, म्हणजे स्थानिक चौकशी अधिकाऱ्याला, कळवावा लागतो. म्युझियमला वस्तू हवी असेल तर स्वतंत्र समिती किंमत ठरवते आणि ती रक्कम साधारणपणे शोधणारा व जमीनमालक वाटून घेतात. सॉमरसेटच्या म्युझियमने 2011 मध्ये 3,20,250 पौंड मोजले, बहुतांश नॅशनल हेरिटेज मेमोरियल फंडाच्या मदतीने. आता हंडा त्याच म्युझियममध्ये, टॉन्टन गावी, बघता येतो.

आपल्याकडे 1878 चा कायदा आहे: दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, त्यात जागा आणि तारीखही लिहायची. नांगराला खापर लागलं, तर मडकं जागचं हलवू नका.