तीन झाडं

शाळा सुटल्यावर तेरा ते सोळा वयाच्या मुलांसाठी चित्र, नाटक, लेखनाचे वर्ग घेणारी माणसं तयार करणं हे माझं काम. अमळनेर, पारोळा, चोपडा या पट्ट्यात सहा-सहा दिवसांची शिबिरं घेते. अंगणवाडीच्या ताई येतात, डी.एड. करून घरी बसलेले तरुण येतात, एखादे निवृत्त सर येतात. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या वह्या उघड्या असतात : ‘ताई, ॲक्टिव्हिटी सांगा, लिहून घेतो.’ ॲक्टिव्हिटी मोबाइलवर ढिगाने मिळतात. मूल कागदावर अडकलेलं असताना आपण गप्प बसायचं, हे मात्र अंगवळणी पडायला सहा दिवसही पुरत नाहीत.

त्यासाठी मी घड्याळाचा सराव घेते. तिघांचा गट : एकाने प्रश्न विचारायचा, दुसऱ्याने उत्तर शोधायचं, तिसऱ्याने मधली शांतता मोजायची. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवलं होतं, की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात. ३ सेकंद थांबले तरी मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागतात. ऐकायला सोपं आहे. करायला बसलं, की दुसऱ्या सेकंदाला माणसं कासावीस होतात.

दुसरा नियम असा, की मुलाच्या कागदावर आपली पेन्सिल टेकवायची नाही. काही दाखवायचंच असेल तर आपल्या कागदावर.

या नियमाची मला धास्ती होती ती एका सरांच्या बाबतीत. तीस वर्षं चित्रकला शिकवलेली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी मुलं घडवलेली. इंटरमिजिएटला ए ग्रेड आली की दहावीला ७ गुण वाढतात, त्यामुळे पालकही त्यांच्या मागे असायचे. त्यांच्या डोळ्याला वाकडी रेघ टोचायची. कितीतरी मुलांच्या स्मरणचित्रातली बैलगाडी त्यांच्याच हाताने सरळ झाली असेल.

चौथ्या दिवशी खरी मुलं बोलावली. कापूस वेचणीचे दिवस, त्यामुळे वीस सांगितली होती, अकरा आली. चौघांची बोटं बोंडांच्या टोकांनी चिरलेली, म्हणून मी तेलखडू काढून ठेवले. जाड असतात, धरायला बरे. विषय होता घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता. नकाशा किंवा चित्र, जे जमेल ते.

नववीतला एक मुलगा सरांच्या वाट्याला आला. ‘माले चित्र येत नही,’ म्हणाला. सरांनी मान हलवली, एवढंच. त्याने एका कोपऱ्यात घर काढलं, दुसऱ्या कोपऱ्यात शाळा. यथार्थदर्शन नावाला नाही, घर शाळेच्या चौपट मोठं. मी लांबून बघत होते. सरांनी डाव्या हाताने स्वतःचं उजवं मनगट धरून ठेवलं होतं. घट्ट. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात इतकी सुंदर गोष्ट मी क्वचित पाहिली आहे.

कागदाचा मधला भाग कोराच राहिला. दहा मिनिटं तसाच.

इतक्यात ज्या शाळेने वर्ग दिला होता तिथून निरोप आला, की मुख्याध्यापक फोटो काढायला येताहेत, चित्रं भरलेली दिसू द्या. हे नेहमीचंच. वर्ग कसा चालला हे कुणी विचारत नाही, भिंतीवर काय लागलं ते विचारतात. याच अमळनेरात १९२४ ते १९३० या काळात शिक्षक असलेले साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय’ दैनिक काढायचे. प्रत्येक उद्घाटनाच्या भाषणात त्यांचं नाव येतं. शाळेच्या तासांपलीकडे त्यांनी मुलांना काय दिलं, यावर कुणी बोलत नाही.

मी त्या मुलापाशी गेले, वाकले आणि म्हणाले, ‘अरे, मध्ये एवढं रिकामं का? दोन-तीन झाडं काढ ना.’

त्याने लगेच काढली. तीन झाडं, सारख्या उंचीची, सारख्या अंतरावर. फोटो झाला.

संध्याकाळी सतरंज्या गुंडाळताना सर जवळ आले. ‘ताई, तुम्ही आलात ना, त्याच्या जरा आधी तो बोलायला लागला होता. बोट ठेवलं त्या कोऱ्या जागेवर. म्हणाला, तठे आमनं वावर व्हतं.’

व्हतं. आता नाही. कशामुळे, ते सरांना कळलं नाही, कारण पुढचं वाक्य माझ्या झाडांखाली गेलं. सरांचा सूर तक्रारीचा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

शिबिरात मी सांगते ते सगळं त्या सरांनी केलं आणि मोडलं मी. पेन्सिल टेकवली नाही, म्हणून नियम मोडला असं मला त्या क्षणी वाटलंसुद्धा नाही. बोलूनही कागदाला हात लागतो, हे मी आजवर कुणाला शिकवलेलं नाही.

पाचव्या दिवशी तो मुलगा आला. मला वाटलं होतं, येणार नाही. सरांनी त्याच्यासमोर कोरा कागद ठेवला आणि बाजूला बसले. त्याने कागदाकडे बघितलं, सरांकडे बघितलं, मग उठून वर्ग ओलांडून माझ्याकडे आला.

‘मॅडम, आज काय काढू?’