सड कुठून सुरू झाली?

श्रावणात कांद्याची चाळ, म्हणजे कांदा साठवायचा हवेशीर मांडव, फोडली जाते ती बहुतेक दोनच कारणांनी: बाजार वर गेला म्हणून, नाहीतर वास सुटला म्हणून. निफाड तालुक्यातल्या एका वस्तीवर मला बोलावणं आलं ते वासामुळे. चाळ दुपाखी, म्हणजे कांदा भरायच्या दोन रांगा असलेली, पूर्व-पश्चिम. बांबूचा तळ जमिनीपासून दीड फूट वर, कप्पे चार फूट रुंद, कांद्याची उंची पाच फुटांच्या आत. बांधकामाला नाव ठेवायला जागा नव्हती. तरी दक्षिणेकडच्या पाखीतून काळपट पाणी ठिबकत होतं आणि उत्तरेची पाखी ठणठणीत होती.

कांद्याचं सगळं यंदा पहिल्यांदाच घरच्या आप्पांच्या धाकट्या मुलाकडे होतं. कारणं मात्र मी पोचायच्या आधीच तयार होती. आप्पांचं म्हणणं, बियाणं खराब. शेजारी म्हणाले, एप्रिलातला अवकाळी भोवला. मुलगा विचारत होता, "सर, चाळीत मारलेली पावडर कमी पडली का?"

बियाणं आणि पावडर दोन्ही पाखींना एकच होती. पश्चिमेच्या झडीसाठी लावलेला प्लॅस्टिक कागदही दोन्हीकडे सारखाच होता आणि उघडीप असतानाही तो कुणी वर केला नव्हता. हे चुकीचंच, पण एका पाखीत सड आणि दुसरीत नाही, याचा उलगडा त्यानं होत नाही. जे दोन्हीकडे सारखं आहे ते आधी बाजूला काढायचं, म्हणजे उरलेलं शोधायला सोपं जातं.

चाळ फोडली की कांदा खळ्यावर ओतायचा, सडका फेकायचा आणि चांगला ट्रॉलीत भरायचा, ही सगळीकडची रीत. घाई असते, लासलगावला लिलावाची वेळ गाठायची असते. पण एकदा ओतलं की वरचा कांदा कुठला आणि मधला कुठला, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. म्हणून आम्ही बाजूच्या पट्ट्या काढल्या आणि एक फूट रुंदीची उभी फाक वरून खाली काढत गेलो. फुटाफुटाचा थर वेगळ्या क्रेटमध्ये, क्रेटवर खडूनं थराचा आकडा. मग प्रत्येक थराचे पाच ढीग: निरोगी, मानेकडून सडलेला, बुडाकडून सडलेला, काजळीचा आणि मोड आलेला. प्रत्येक ढिगाचं वजन.

ढीग पाडताना कांदा हातात घेऊन बघावाच लागतो. मान अंगठ्यानं दाबली की पचपचीत लागते, घाण वास येतो आणि जरा जोर दिला तर आतला गाभा मानेतून बाहेर सरकतो, ती जिवाणूंची सड. मुळांच्या चकतीवर पांढरी बुरशी आणि बूड हाताला मऊ, तर रोग शेतातून आलेला. चाळ फक्त तो वाढवते. मानेजवळ वरच्या सालीखाली काळी भुकटी शिरांच्या रेघांनी उतरलेली असेल तर ती काजळी. तिला ऊब आणि दमटपणा दोन्ही लागतात. मोड हे बहुतेक पुढचं दुखणं, सप्टेंबर-ऑक्टोबरात रात्री गार व्हायला लागल्या की त्याचा जोर वाढतो. मे-जूनमध्ये उन्हानं वजन घटतं, पावसाळ्यात सड, मग मोड, असा साधारण क्रम असतो. म्हणून फक्त 'नुकसान किती' हा आकडा फारसं काही शिकवत नाही. ते कोणत्या महिन्यात आणि कोणत्या प्रकारचं, हे लागतं.

दक्षिण पाखीत वरचा थर जवळपास साफ निघाला. म्हणजे छत गळलं नव्हतं. तळाचा थर ओला होता, पण तो वरून ठिबकलेल्या पाण्यानं. तिथल्या कांद्यांच्या माना कोरड्या होत्या. सडीचा मूळ गड्डा तिसऱ्या थरात होता आणि जवळजवळ सगळी सड मानेकडून. त्यातही जाड मानेचे कांदे जास्त.

याच थरात कांद्यांच्या मधल्या फटी माती आणि सुक्या पातीनं बुजलेल्या होत्या. कप्पा भरताना टोपल्या एकाच जागी उभं राहून ओतल्या की गोल कांदा घरंगळून कडेला जातो आणि माती-पाचोळा ओतण्याच्या जागी खाली साचतो. तिथून वारा फिरत नाही. आम्ही सहा फूट सरकून दुसरी फाक काढली. जाड मानेचा कांदा तिथेही होता, माती नव्हती. सड होती, पण बरीच कमी. म्हणजे जाड मानेनं सडीला दार उघडून दिलं आणि कोंडलेल्या हवेनं ती पसरवली. दोन कारणं, एकावर एक.

माना जाड का राहिल्या, याचं उत्तर चाळीत मिळत नाही. ते जमवायला खताच्या दुकानाची पावती, मजुरीची वही आणि मुलाच्या मोबाईलमधले तारखेचे फोटो काढले. उत्तर पाखीत माळावरचा कांदा होता, दक्षिणेत विहिरीकडच्या काळ्या रानातला. विहिरीकडच्या रानात पात पिवळी दिसली म्हणून लावणीनंतर 75 दिवसांनी युरिया पडला होता. युरियातलं नत्र लावणीपासून 60 दिवसांच्या आत संपवायचं असतं. उशिरा दिलं की पात हिरवी राहते आणि मान मिटत नाही. शेवटचं पाणीही काढणीच्या आठवडाभर आधीचं, लाईट रात्रीची आली आणि मोटर चालूच राहिली. ते काढणीच्या 10-15 दिवस आधी तोडायला हवं. तिसरी गोष्ट फोटोत होती: आभाळ आलं म्हणून टोळीनं त्याच दिवशी उपटून त्याच दिवशी पात कापली. माळावरचा कांदा पातीसकट तीन-चार दिवस शेतात पडला होता, एका ओळीचा कांदा दुसऱ्या ओळीच्या पातीखाली झाकून. मग इंचभर मान ठेवून कापला आणि सावलीत दहा-बारा दिवस सुकवला. पातीतला ओलावा उतरायच्या आत कापलं तर मानेला उघडी जखम राहते.

आप्पा बराच वेळ ऐकत होते, मग म्हणाले, "मग अवकाळीचं काय?" पाऊस दोन्ही रानांवर पडला होता. त्यानं घाई करायला लावली, एवढा त्याचा वाटा.

पुढच्या हंगामासाठी मुलानं प्रत्येक कप्प्याला पत्र्याची पाटी बांधायचं ठरवलं आहे. तिच्यावर रान, लावण, शेवटचा युरिया, शेवटचं पाणी, उपटणी, कापणी आणि भरणी यांच्या तारखा. विहिरीकडच्या रानातला कांदा दाराजवळच्या कप्प्यात, म्हणजे आधी विकता येईल. टोपल्या ओतताना दर वेळी जागा बदलायची आणि त्याआधी कांदा चाळून घ्यायचा.

घाईत कापलेला कांदा नेमका किती मार खातो, हेही त्याला स्वतः तपासायचं आहे. एकाच रानातला 20 किलो कांदा लगेच कापलेला आणि 20 किलो पातीसकट सुकवलेला, दोन जाळीच्या गोण्यांत, वेगळ्या रंगाची सुतळी बांधून. मी एकच अट घातली: दोन्ही गोण्या एकाच कप्प्यात, एकाच उंचीवर, मधल्या थरात ठेवायच्या. एक दारापाशी आणि दुसरी आत ठेवली तर वजनात पडेल तो फरक वाऱ्याचा असेल, कापणीचा नाही. शिवाय गोणीभोवती माती साचू द्यायची नाही.