बंदोबस्तातली माया

पुण्याच्या पेठांमधल्या मंडळांत जुने कार्यकर्ते जमले की गणेशोत्सवाच्या आठवणी निघतातच. कुठल्या वर्षी कुठला देखावा, कुणाचं पथक, मिरवणूक कुठल्या चौकात किती तास अडकली. आणि थोड्या वेळाने हटकून खाकी कपड्यातल्या कुणाचा तरी विषय निघतो. नाव बहुधा कुणालाच आठवत नाही. ‘ते मिशीवाले जमादार’, ‘बेलबाग चौकातल्या त्या मॅडम’, एवढीच ओळख. केलेलं काम मात्र सगळ्यांच्या पक्कं लक्षात असतं.

ही ओळख व्हायची ती परवानग्यांच्या दिवसांत. मंडपासाठी महापालिका, तात्पुरत्या मीटरसाठी महावितरण, वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्त, ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाणं. नव्याने अध्यक्ष झालेल्या पोराचा एखादा कागद राहिलेलाच असायचा. ठाण्यातले हवालदार कोऱ्या कागदावर यादी लिहून द्यायचे: कोणता कागद आधी, कोणत्यावर कुणाची सही, झेरॉक्स किती. त्याने दोन हेलपाटे तरी वाचायचे. आवाजाचा नियमही तेच समजावून सांगायचे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद. उत्सवातल्या मोजक्याच दिवशी १२ पर्यंत सवलत. पुढचं सांगणं कुठल्याही नियमात नव्हतं. ‘त्या वाड्यात आजोबा आजारी आहेत, कर्ण्याचं तोंड रस्त्याकडे फिरवा.’ कुठल्या घरात कोण आजारी आहे, हे बीटवरच्या माणसाला मंडळाच्या आधी ठाऊक असायचं.

मंडपात रात्री दोन कार्यकर्ते जागे हवेत, असं बैठकीत बजावलेलं असायचं. पहाटेच्या गस्तीला ते दोघेही झोपलेले सापडायचे. गस्तवाले आधी समईकडे बघायचे, पडदा वाऱ्याने तिकडे जातोय का. मग मल्टिप्लगवर हात ठेवायचे. गरम लागला की त्यावरच्या माळा कमी करायला लावायचे, कारण सजावटीचं कापड आणि थर्माकोल पेटायला तेवढी ठिणगी पुरते. हे सगळं झालं की पोरांना उठवायचं आणि वहीत भेटीची सही करायची.

मिरवणुकीच्या दिवशीचं खरं कसब दिसायचं ते हरवलेल्या लेकरापाशी. लक्ष्मी रस्त्यावर कुंटे चौक ते विजय टॉकीज या पट्ट्यात मूल हातातून सुटलं की क्षणात दिसेनासं होतं. जाणता पोलीस मुलाला उचलून लगेच दुसरीकडे नेत नाही. आईबाप आधी आल्या वाटेनेच माघारी शोधत येतात, म्हणून दहा-पंधरा मिनिटं तिथेच, कठड्याच्या आतल्या बाजूला थांबायचं. टोपी काढून उकिडवं बसायचं, म्हणजे मूल घाबरत नाही. ‘बाबांचं नाव काय?’ या प्रश्नाला लहान मूल ‘पप्पा’ असंच उत्तर देतं. म्हणून विचारायचं, ‘शेजारच्या काकू पप्पांना काय म्हणून हाक मारतात?’ बऱ्याचदा तिथेच नाव मिळतं. नाही मिळालं, तर शाळेचा रंग, घराजवळचं दुकान, रिक्षावाल्या काकांचं नाव.

मग मदत केंद्रातून पुकारा. त्यात ‘चार-पाच वर्षांची मुलगी सापडली आहे’ एवढंच सांगायचं. फ्रॉकचा रंग, पायातले पैंजण हे राखून ठेवायचं, कारण येणाऱ्याने ते स्वतःहून सांगायला हवं. ते जुळलं, मूल धावत जाऊन बिलगलं, ओळखपत्र बघून नोंदवहीत सही झाली, की मगच ताब्यात. रडवेल्या आईला त्या वेळी हा उशीर जाचक वाटतो, पण तो हवाच.

मुलाच्या खिशात चिठ्ठी ठेवा, हे पोलीस दरवर्षी सांगतात. ती ठेवण्यातही चुका होतात. शाईपेनाचे आकडे पावसाने आणि गुलालाने पुसतात. बॉलपेनने लिहून वर चिकटपट्टी लावायची. दुसरी चूक जास्त महागात पडते. चिठ्ठीवर सोबत आलेल्या बापाचाच नंबर असतो. गर्दीत रेंज मिळत नाही आणि मिळाली तरी ढोलांत घंटी ऐकू येत नाही. म्हणून दुसरा नंबर घरी थांबलेल्या माणसाचा हवा.

रुग्णवाहिकेला वाट करून देणारी पुण्याची गर्दी सगळ्यांनी पाहिली आहे. ती वाट आपोआप होत नाही. पहिल्यांदा पथकाचं वादन थांबवावं लागतं, कारण ढोलांपुढे सायरन ऐकूच जात नाही. मागून रेटलं तर पुढचे लोक चेपले जातात, त्यामुळे पुढच्या चौकाला वायरलेसवरून कळवून वाट पुढूनच मोकळी करत आणायची. शिपाई आणि कार्यकर्ते हातात हात गुंफून दोन्हीकडे साखळी धरतात, आणि गाडी गेल्यावर ती हळूहळू सोडतात. एकदम सोडली तर दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांवर आदळतात.

या माणसांचे स्वतःचे हाल मात्र फारसे कुणाला दिसत नाहीत. सकाळी मंडईतून मिरवणूक निघते, ती कित्येकदा दुसऱ्या दिवशी दुपारी संपते. रजा बंद, घरचा गणपती बायकामुलांच्या भरवशावर. मंडळं प्रेमाने वडापावाचे पुडे आणून देतात, पण इतके तास उभं राहणाऱ्याला तेलकट नको असतं. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, केळी, दहीभात हे बरं. महिला पोलिसांची अडचण याहून मोठी. स्वच्छतागृह लांब आणि जागा सोडता येत नाही, म्हणून कित्येक जणी पाणी पिणंच टाळतात. ज्या मंडळांनी वाड्यातलं एक न्हाणीघर दिवसभर त्यांच्यासाठी उघडं ठेवलं आणि कठड्यापाशी उभ्या असलेल्यांना तसं आधी जाऊन सांगितलं, त्यांच्याइतकं मोलाचं काम दुसऱ्या कुणी केलं नसेल.

उत्सवानंतर मंडळात सत्यनारायण आणि श्रमपरिहाराचं जेवण होतं. पोलिसांना आग्रहाचं आमंत्रण असतं, पण येणं क्वचितच जमतं; नवरात्राचा बंदोबस्त तोंडावर आलेला असतो. म्हणून शिरा ठाण्यात पोचवायचा. सव्वा किलो रव्याचा प्रसाद द्रोणाद्रोणाने साठ-सत्तर जणांना पुरतो, ठाण्यासाठी तेवढाच वेगळा करावा. न्यायचा तो ड्युटी बदलण्याच्या वेळेला, म्हणजे जाणाऱ्यांनाही मिळतो आणि येणाऱ्यांनाही.