सातवे घर

आमच्याकडे मांजर व्याली की सासूबाईंचा पहिला प्रश्न पिल्ले किती झाली हा नसतो. "कितवं घर चाललंय गं?" असे त्या विचारतात. मांजरी पिल्लांना सात घरे फिरवते आणि त्याशिवाय त्यांचे डोळे उघडत नाहीत, हे त्यांनी कोकणातल्या माहेरी ऐकलेही होते आणि पाहिलेही होते. तिथली भाटी माळ्यावर व्यायची, चार दिवसांनी एकेक पिल्लू मानगुटीला धरून पडवीतल्या कणगीमागे न्यायची, तिथून गोठ्यातल्या गवतात आणि मग थेट शेजाऱ्यांच्या न्हाणीच्या चुलीजवळ. डोळे साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान उघडतात आणि त्यासाठी घरे मोजावी लागत नाहीत, हे मी त्यांना सांगून पाहिले आहे. "पण घरं बदलतेच ना?" हा त्यांचा सवाल मात्र बिनतोड आहे. बाळंतपणाच्या वासाने दुसरे जनावर येऊ नये, परक्या बोक्याने पिल्ले मारू नयेत, जागा घाण झाली तर कोरडी मिळावी, अशा व्यवहारी कारणांसाठी मांजरी खरोखरच बिऱ्हाड हलवत राहते.

कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरात शेवंती आणि अबोली या दोन पर्शियन मांजरी आहेत आणि वर्षाकाठी एखादेच बाळंतपण होते. याला कॅटरी, म्हणजे मांजरांची पैदास करणारे घर, म्हणतात. तो शब्द ऐकला की लोकांच्या डोळ्यांपुढे पिंजऱ्यांची रांग येते. आमच्याकडे रांग आहे ती फक्त पाण्याच्या वाडग्यांची. बोका बाहेरचा, पण आणण्याआधी त्याची जनुकीय तपासणी झालेली असते, कारण पर्शियन मांजरांत मूत्रपिंडात पाण्याचे फोड वाढत जाण्याचा एक आनुवंशिक विकार आहे आणि तो पिल्लात उतरायला आईबापांपैकी एकाचा सदोष जनुकही पुरतो. आमच्या नात्यातल्या लग्नांत याच्या निम्मीसुद्धा चौकशी होत नाही.

गेल्या डिसेंबरात, गाभण राहिल्यापासून 64 व्या दिवशी, शेवंतीला चार पिल्ले झाली. पहिले घर म्हणजे जुन्या मिक्सरचे मोठे खोके, आत धुऊन मऊ झालेली सुती लुगडी आणि एका कोपऱ्यात कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी. नवजात पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात खोक्यात 30 अंशांच्या आसपास ऊब लागते, आणि पिशवी कोपऱ्यातच ठेवायची ती एवढ्यासाठी की फार गरम झाले तर पिल्लाला सरपटत दूर जाता यावे. पहिल्या दिवसातला चीक चौघांनाही मिळाला की निम्मी काळजी मिटते. त्यानंतर माझी भिस्त असते ती वजनाच्या वहीवर. जन्मतः 100 ग्रॅमच्या आगेमागे असलेले पिल्लू रोज 10 ते 15 ग्रॅम वाढायला हवे, आणि काही बिघडत असेल तर पिल्लू मलूल दिसण्याआधी वहीतला आकडा अडखळतो. हे वजन मी स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर करते, हे ज्या दिवशी उघड झाले, त्या दिवसापासून त्या काट्यावर पुन्हा रवा मोजला गेलेला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी खोके रिकामे होते. शेवंतीने चारही पिल्ले माझ्या साड्यांच्या कपाटात, पैठणीच्या घडीवर नेऊन ठेवली होती. मानगूट धरली की पिल्लू अंग आखडून, शेपूट पोटाशी घेऊन निमूट लोंबकळते; भक्तिशास्त्रातल्या मार्जारकिशोरन्यायाचा दृष्टान्त ज्यांनी योजला त्यांनी हे दृश्य फार बारकाईने पाहिले असणार. (माकडाचे पिल्लू आईला घट्ट धरते, मांजराच्या पिल्लाला आई धरते, शरणागतीच्या दोन रीतींवर पंडितांनी त्यावरून पुष्कळ वाद घातला. पैठणीचे काय करावे, हे त्यात नाही.) मी पिल्ले खोक्यात परत आणली, ती तिने पुन्हा कपाटात नेली. तिसऱ्या फेरीनंतर मी पैठणी काढून घेतली आणि कपाट तिला दिले. दहाव्या दिवशी तिने स्वतःच ते सोडले आणि सासूबाईंच्या पलंगाखालचा कोपरा धरला. सासूबाईंनी समाधानाने तिसरे बोट मोजले.

सासूबाईंची सात घरे मला खरी पटली ती इथून पुढे. पिल्लाच्या आयुष्याचा साधारण दुसरा ते सातवा आठवडा हा ओळखी करून घेण्याचा काळ असतो. त्यात जे भेटते ते पुढे आपले वाटते आणि जे भेटत नाही त्याची धास्ती राहते. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी 1980 च्या दशकात यावर प्रयोग केले. रोज 15 मिनिटे हाताळलेल्या पिल्लांपेक्षा 40 मिनिटे हाताळलेली पिल्ले माणसाकडे अधिक ओढीने येत, असे त्यांना आढळले. पुढे 1995 मध्ये सँड्रा मक्यून यांनी दाखवून दिले की बाप धीट आणि मनमिळाऊ असेल तर पिल्लेही तशी होण्याकडे कल असतो. ज्याने पिल्लांचे तोंडही पाहिलेले नसते त्या बोक्याचा हा वाटा पाहून मला दर वेळी नवल वाटते. उंबरठ्याउंबरठ्यावरून फिरणाऱ्या भाटीच्या पिल्लांना चूल, गोठा, माणसे, पोरे, कुत्री असे सगळे वाटेतच भेटत असावे. बंद दाराच्या फ्लॅटमधल्या पिल्लांना ते आपण भेटवावे लागते.

म्हणून चौथ्या आठवड्यात बिऱ्हाड स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात येते. कुकरची पहिली शिट्टी झाली तेव्हा चौघेही आईच्या पोटाखाली शिरले. शेवंतीने कानसुद्धा हलवला नाही, आणि तिचा तो बेफिकीर कान हाच त्यांचा खरा धडा ठरला. आठवडाभरात शिट्टी म्हणजे काहीच नाही, हे त्यांना कळले. मिक्सर आधी दुसऱ्या खोलीत, मग दाराशी, मग ओट्यावर, असा टप्प्याटप्प्याने जवळ आणावा लागतो. ढोल-ताशे मी भ्रमणध्वनीवर हळू आवाजात ऐकवते, कारण पुण्यात राहणाऱ्या मांजराला भाद्रपद चुकत नाही. माणसेही वेगवेगळी लागतात: दाढीवाला, काठी टेकणारा, हेल्मेट हातात घेऊन येणारा, रडणारे मूल. मात्र आलेल्या प्रत्येकाने चपला बाहेर काढून हात धुवायचे, कारण आईच्या दुधातून आलेले संरक्षण ओसरत असते आणि लशीचे अजून पुरते आलेले नसते, अशा मधल्या दिवसांत पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू सगळी पिल्ले नेऊ शकतो. तो चपलेच्या तळव्यावरूनही येतो आणि अनुकूल जागी वर्षभर टिकतो. जगाची ओळख करून द्यायची आणि जगाला दारात अडवायचेही, या दोन्हींचा मेळ मला अजून नीट साधलेला नाही. पाहुणे मला खवचट समजतात.

जेवणाचा प्रश्न आमच्यासारख्या शाकाहारी घरात वेगळाच. सासूबाईंच्या मते मांजर दूध-भातावर वाढते. गाईच्या दुधात मांजरीच्या दुधापेक्षा प्रथिने आणि स्निग्धांश बरेच कमी असतात आणि दुग्धशर्करा जास्त, त्यामुळे पिल्लांना जुलाब लागतात. त्यातून मांजराला टॉरिन हे द्रव्य मांसातूनच घ्यावे लागते. ते कमी पडले की हृदय सैल पडून फुगते, हे 1987 मध्ये कॅलिफोर्नियात पॉल पायन यांनी दाखवल्यावर मांजरांच्या तयार खाद्यांत ते अधिक घालू लागले. माळ्यावरच्या भाटीला ते उंदरातून मिळत असे, दूध-भात तिचा वरकड. हे ऐकून सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "मग उकडलेली कोंबडी बाल्कनीत द्यायची, ओट्यावर नाही." तो तह आजही पाळला जातो.

पाचवे घर दिवाणखाना. तिथे पिल्ले एकमेकांकडून शिकतात ते मला शिकवता येत नाही. दात किती रोवावेत हे भावंड किंचाळून खेळ थांबवते तेव्हाच कळते, आणि म्हणून आमच्या घरात कोणी बोटे नाचवून पिल्लांना खेळवायचे नाही. काठीला बांधलेली चिंधी त्यासाठी आहे. याच सुमाराला फोन येऊ लागतात. सगळ्यांना "तळहातावर मावेल असं" दीड महिन्याचे पिल्लू हवे असते. हेलसिंकी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017 मध्ये सुमारे 6000 मांजरांच्या माहितीवरून दाखवले की आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांत आक्रमकपणा अधिक आढळतो. मी एवढे सविस्तर सांगत बसत नाही. तेरा आठवडे झाल्याशिवाय आणि लशीच्या दोन मात्रा व रेबीजची लस झाल्याशिवाय पिल्लू जात नाही, असे सांगते आणि निम्मे फोन तिथेच संपतात. ते संपलेलेच बरे.

सहावे घर म्हणजे प्रवासाची पेटी. ती पाचव्या आठवड्यापासून दार उघडे ठेवून सोफ्याशेजारी पडलेली असते आणि पिल्ले तिच्यात झोपतात, भांडतात, खाऊ शोधतात. त्यामुळे मार्चच्या शेवटी जेव्हा एक मध्यमवयीन जोडपे सर्वांत धीट कबऱ्या पिल्लाला न्यायला आले, तेव्हा त्याला पकडावे लागले नाही; ते आपणहून आत जाऊन शेवंतीच्या वासाच्या चिंध्यांवर वेटोळे करून बसले. सासूबाई पेटीच्या जाळीतून बराच वेळ पाहत होत्या. मग त्यांनी बोटे मोजली, खोके, कपाट, पलंग, स्वयंपाकघर, दिवाणखाना, पेटी, आणि त्या बाईंना म्हणाल्या, "सहा झाली हो. सातवं तुमचं." त्या बाईंना काही उमगले नसावे, पण त्या हसून "बरं आई" म्हणाल्या. मी वही काढून त्या दिवसाचे वजन लिहिले, 1310 ग्रॅम, आणि पुढची रेघ मोकळी सोडली.